धवळारणीचा पाट कोणी हलवला?

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव माणसांनी आणि गुराढोरांनी फुलून जाते. खांबलिंगेश्वर म्हसोबाच्या या यात्रेला शहापूर, कर्जत, कल्याण, भिवंडी अशा चहूबाजूंनी कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी येतात. कोणी बैलजोडी पारखतो, कोणी घोंगडी घेतो, कोणी नवस फेडतो. वृत्तपत्रांचे छायाचित्रकारही येतात, पण त्यांना दोनच गोष्टी दिसतात: गुरांचा बाजार आणि नवसाचा गळ. दुसऱ्या दिवशी 'परंपरेचे अजब दर्शन' अशा थाटाचे छायाचित्र छापले जाते आणि या पट्ट्याच्या धर्मजीवनाची चौकशी तेथेच संपते.

पौष सरतो आणि लग्नसराई सुरू होते. ज्या गावांनी म्हशाच्या माळावर गर्दी केली, त्याच गावांच्या मांडवांत मग एक असा अधिकार जागा होतो, किंबहुना कालपरवापर्यंत जागा होत असे, ज्याची दखल घ्यायला एकही छायाचित्रकार फिरकत नाही. तो अधिकार धवळारणीचा. ती स्त्री आहे, बहुधा निरक्षर आहे, तिच्या हातात पोथी नाही. तरीही मांडवातील विधी तिच्या शब्दाने पुढे सरकतात. या पुरोहितेचा पाट गेल्या एक-दोन पिढ्यांत मांडवातून मुकाट्याने हलवला गेला आहे. तो कोणा परकीय आक्रमकाने हलवलेला नाही. घरच्याच माणसांनी, शिकलेल्या माणसांनी, पुष्कळदा चांगल्या हेतूने तो हलवला आहे. म्हणूनच या गोष्टीची परखड चर्चा व्हायला हवी.

धवळारीण म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी हौशी बाई, असा समज शहरात आहे. तो साफ चुकीचा आहे. आगरी आणि कोळी समाजात धवळे गाणारी ही स्त्री मांडव, तेल, हळद, पाणी अशा एकेका विधीचा क्रम सांभाळते. कुलदैवत, ग्रामदैवत आणि घरातील पूर्वज यांना ती नावे घेऊन कार्याला बोलावते. कोणती वस्तू केव्हा, कोणाच्या हाताने, कोणत्या जागी ठेवायची हे तिच्या गाण्यात सांगितलेले असते. भटजींच्या तोंडी मंत्र असतो आणि हातात क्रिया असते. धवळारणीच्या ठायीही तेच आहे, फक्त मंत्र मराठीत आहे आणि तो गायला जातो.

उत्तरेकडे डहाणू, जव्हार, तलासरीच्या वारली पाड्यांवर हेच पद धवलेरी या नावाने ओळखले जाते. वारल्यांच्या विवाहात घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी विराजमान होते आणि धवलेरी गाऊन देवांना त्या लग्नाला पाचारण करते. के. जे. सावे यांनी १९४५ साली वारल्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात विवाह लावणाऱ्या या स्त्रीची नोंद आहे. म्हणजे ही गोष्ट कोणा उत्साही कार्यकर्त्याने अलीकडे शोधून काढलेली नाही. ती लिखित स्वरूपात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ विद्वानांच्या कपाटात पडून आहे, आणि मुखोद्गत स्वरूपात त्याहून कितीतरी जुनी आहे.

किती जुनी, याचा थोडा अंदाज बांधता येतो. 'धवल' हा गीतप्रकार शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त सांगितला आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने सिद्ध झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदंबेने ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले, भाषेच्या प्राचीनत्वाचे दाखले दिले गेले. त्या दाखल्यांतील एक धागा शहापूर-मुरबाडच्या मांडवांत अजून जिवंत होता, हे पेढे खाणाऱ्या किती जणांना ठाऊक होते? गीताचे नाव तेच, प्रसंग तोच, कंठ स्त्रीचाच. महदंबेचे छायाचित्र नाही म्हणून हळहळणाऱ्या महाराष्ट्राला तिची वंशज डोळ्यांसमोर बसलेली दिसू नये, याला काय म्हणावे?

येथे एक आक्षेप ठरलेला आहे. 'गाणी ठीक आहेत, लोकपरंपरा म्हणून कौतुकही आहे; पण खरा संस्कार तो शास्त्रोक्तच.' हा आक्षेप घेणाऱ्यांनी शास्त्र उघडून पाहिले तर बरे होईल. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाचे प्रकरण सुरू करतानाच बजावते की देशोदेशीचे आणि गावोगावचे धर्म नाना प्रकारचे असतात, आणि विवाहात त्यांचे पालन करावे. पारस्कर गृह्यसूत्र विवाहाच्या वेळी गाव सांगेल तसे करावे असे म्हणते. आपस्तंबाचे गृह्यसूत्र तर त्याही पुढे जाऊन विवाहातील आचार स्त्रियांकडून जाणून घ्यावेत असे सांगते. म्हणजे ज्यांच्या नावाने धवळारणीला मांडवाबाहेर बसवले जाते, त्या सूत्रकारांनी स्वतः तिच्यासाठी पाट मांडून ठेवला होता. तो उचलणारे शास्त्री नव्हेत, अर्धवट वाचलेले आहेत.

शास्त्राप्रमाणेच कायदाही तिच्या बाजूने आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीतील विधींनी विवाह लावण्यास मान्यता देते. सप्तपदी जेथे रूढीचा भाग आहे तेथेच ती निर्णायक ठरते. अनुसूचित जमातींना तर केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा लागूच होत नाही. त्यांच्या विवाहाला त्यांची रूढी हाच आधार. वारल्यांच्या घरी धवलेरीचा विधी ही सजावट नव्हे, विवाहाचा पायाच तो. एप्रिल २०२४मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नसून पवित्र संस्कार आहे, असे सुनावले. न्यायालयाच्या मनातील नाचगाणे कोणते हे सांगायला नको. ते हळदीच्या रात्री कर्कश ध्वनिवर्धकांवर वाजते. धवळारणीचे गाणे हा संस्कारच आहे, आणि नेमके तेच त्या ध्वनिवर्धकांखाली दडपले गेले आहे.

दुसरीकडे, हिंदू स्त्रीला पौरोहित्याचा अधिकार कधी नव्हताच, असे ठासून सांगणारा एक वर्ग आहे. त्याला उत्तर म्हणून पुण्याचे उदाहरण अभिमानाने दिले जाते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शंकरराव थत्ते यांनी उद्यान मंगल कार्यालयात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली आणि पुढे ज्ञान प्रबोधिनीने ते काम पद्धतशीर वाढवले. हे काम मोठे आहे, धाडसाचे आहे, त्याला नमस्कारच करावा. परंतु त्याचे वर्णन करताना 'स्त्री प्रथमच पुरोहित झाली' असे जे लिहिले जाते, ते मात्र ठाणे जिल्ह्याच्या तोंडावर मारलेले असत्य आहे. पुण्यात स्त्री पौरोहित्याचा वर्ग सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून म्हशाच्या पंचक्रोशीपासून डहाणूपर्यंत स्त्रिया लग्ने लावत होत्या. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती आणि कोणी त्यांना ती नाकारलीही नव्हती. टीकाकाराला धवळारीण माहीत नाही, हे समजण्यासारखे आहे. उत्तर देणाऱ्यालाही ती माहीत नसावी, हे दुखणे आहे.

अशा स्त्रीला समाजाने पुरोहित म्हणून धरून ठेवले तर काय घडते, हे पाहायचे असेल तर मणिपूरकडे पाहावे. मैतेई समाजाचा 'लाय हराओबा' हा देवांना प्रसन्न करण्याचा उत्सव. त्याची सूत्रे मैबींच्या हाती असतात. मैबी म्हणजे देवाने निवडलेली स्त्री. अंगात संचार होतो, ज्येष्ठ मैबीकडे दीर्घ शिक्षण होते आणि मग ती शुभ्र वस्त्रे नेसून देवकार्याला उभी राहते. उत्सवाच्या आरंभी ती पाण्यातून देवतांना जागे करते. पुढे पेना या तंतुवाद्याच्या साथीने ती नृत्यातून सृष्टीची उत्पत्ती मांडते: हस्तमुद्रांनी मानवी देहाचा एकेक अवयव घडतो, घर उभे राहते, कापूस पिकतो, वस्त्र विणले जाते. हे नृत्य प्रेक्षकांसाठी नाही, देवासाठी आहे, आणि ते केल्याशिवाय उत्सव पुरा होत नाही. हे पद पुरुषाला आले तर तोही मैबीचा स्त्रीवेषच धारण करतो, इतका तो अधिकार मुळात स्त्रीचा आहे. महाराजकुमारी बिनोदिनी देवी यांनी लिहिलेल्या आणि अरिबम श्याम शर्मा यांनी १९९० साली दिग्दर्शित केलेल्या 'इशानौ' या चित्रपटात सुखी संसारातील एका तरुणीला असे बोलावणे येते आणि पती, मुलगी मागे टाकून तिला जावे लागते. पुरोहितेचे पद ही हौस नसते, ते ओझे असते, हे त्या चित्रपटातून कळते.

मैतेईंनी हे ओझे वाहणारीला वाऱ्यावर सोडले नाही. राजवाड्याशी जोडलेली 'मैबी लोइशङ' ही संस्था मैबींच्या परंपरेची राखण करत आली. गोव्यातही असे एक उदाहरण आहे. तेथे पौषातच मांडावर स्त्रियांचे धालो रंगतात, मांडगुरवीण विधी सांभाळते, रंभांच्या अंगात संचार होतो, आणि गावची ही मांडाची जागा आजही पवित्र मानली जाते. मणिपुरात लोइशङ आहे, गोव्यात मांड आहे. ठाणे जिल्ह्यात धवळारणीसाठी काय आहे?

मणिपूरच्या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अठराव्या शतकात राजा गरीबनिवाज याने वैष्णव मताला राजाश्रय दिला आणि त्या काळात मैतेईंच्या जुन्या पोथ्या, म्हणजे 'पुया', जाळण्यात आल्या. त्या घटनेची जखम तेथे अजून ओली आहे. पोथी जळली तरी मैबीचे शरीर आणि तिचा कंठ जळला नाही, म्हणून परंपरा तगली. परंतु अपमानही तगला. २०११च्या जनगणनेत मणिपुरातील २ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म हिंदू न लिहिता सनामही लिहिला. त्यांना 'भरकटलेले' म्हणणे सोपे आहे. त्यांच्या पूर्वजांची पोथी कोणी जाळली, हे विचारणे अवघड आहे. कोणत्याही समाजाला तुमचा आचार हीन आणि आमचा श्रेष्ठ असे पिढ्यानपिढ्या सांगितले, तर एक दिवस तो समाज शांतपणे म्हणतो: ठीक आहे, मग तुमचे आणि आमचे नाते काय?

हा धडा ठाण्यासाठी आहे. जनजातींना वेगळे पाडण्याचे प्रयत्न होतात म्हणून सभा घेतल्या जातात, निषेधाचे ठराव होतात. पण त्याच वेळी पाड्यांवर सामूहिक विवाह सोहळे होतात. लग्नाचा खर्च पेलत नाही म्हणून विधीवाचूनच संसार मांडलेली, मुलेबाळे झालेली जोडपी तेथे सन्मानाने उभी राहतात. संयोजक उन्हातान्हात राबतात, भांडी-साड्या जमवतात, जेवणावळ घालतात. त्या सेवेचे मोल कमी नाही. मात्र व्यासपीठावर गुरुजी असतात, ध्वनिवर्धकावरून मंगलाष्टके म्हटली जातात, आणि त्या जोडप्यांच्या आई-आजीचे लग्न जिने लावले ती धवलेरी समोर सतरंजीवर बसून अक्षता टाकते. तिला काय वाटत असेल? तिच्या नातवाला काय कळत असेल? आजीला येते ते लग्न नव्हे, हेच ना? मंगलाष्टकांना विरोध करण्याचे कारण नाही. ती अवश्य व्हावीत. पण पालघटाचा चौक लिहून, धवलेरीला पाटावर बसवून, तिचे गाणे आधी का होऊ नये? समरसता म्हणजे एकाने दुसऱ्यासारखे होणे नव्हे. दोघांनी एका पंक्तीला बसणे म्हणजे समरसता. आजवर पंक्तीत बसायला सांगितले ते धवलेरीलाच, आणि तेही स्वतःचे ताट बाहेर ठेवून.

वारली चौकाचे जे झाले ते याहून वेगळे नाही. भिंतीवरचा चौक १९७०च्या दशकात कागदावर आला. जिव्या सोमा म्हसे यांनी त्याला जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक लाभला. म्हसे यांची प्रतिभा निर्विवाद होती आणि त्यांचा सन्मान उचितच होता. पण आज वारली चित्र साडीवर आहे, चहाच्या कपावर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, स्थानकाच्या भिंतीवर आहे. चौक हा विधीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग धवलेरीचे गाणे. चित्र विकता येते, म्हणून ते वाचले. गाणे भिंतीवर टांगता येत नाही, म्हणून ते मरते आहे. वारली नक्षीच्या पत्रिका छापणाऱ्या सुशिक्षित घरांतून एका तरी धवलेरीचे नाव कोणाला सांगता येईल का?

'काळाच्या ओघात हे जायचेच', असा सुस्कारा टाकणारे पुष्कळ आहेत. काळ हा नेहमी सोयीचा आरोपी असतो, कारण तो उलट बोलत नाही. खरे कारण सांगायचे तर दोन-तीन दिवसांचे लग्न कार्यालयाच्या काही तासांत बसवले गेले, आणि त्या तासांत छायाचित्रांना वेळ ठेवला, मिरवणुकीला ठेवला, सत्कारांना ठेवला. धवळ्याला मात्र ठेवला नाही. हळदीवर लाखाची उधळण करणाऱ्याला तिच्या ओटीत नारळ, लुगडे आणि चार पैसे टाकताना मात्र खर्च आठवतो. नोकरीला लागलेल्या मुलाला वाटते, मित्रांसमोर ही म्हातारी गायला बसली तर हसे होईल. आणि ज्या मुलीने तिच्या शेजारी बसून हे गाणे उचलायचे, तिला घरचेच सांगतात की हे शिकून काय मिळणार. अशा दहा लहान लहान निर्णयांना काळाचा ओघ म्हणणे ही पळवाट आहे. जो निर्णय माणसांनी घेतला तो माणसांना बदलताही येतो.

सांस्कृतिक महोत्सवातील रंगमंचावर धवळारणीला उभे केल्याने हा प्रश्न सुटणार नाही. तेथे तिला सात मिनिटे मिळतात, पाठीमागे रंगीत प्रकाश असतो आणि निवेदक तिची ओळख 'लोककलावंत' अशी करून देतो. पुरोहिताला कलावंत म्हणणे हा सन्मान नव्हे, ती पदावनती आहे. नवरा-नवरीवाचून गायलेला धवळा म्हणजे यजमानावाचून केलेला होम. ध्वनिमुद्रण करावे, शब्द लिहून घ्यावेत, ते आवश्यकच आहे. पण वहीत उतरलेला धवळा हा पुरावा असतो, परंपरा नव्हे. परंपरा मांडवात राहते.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती सरकारकडे नाही. ठाणे, पालघर, रायगड जिल्ह्यांतील ज्या घरांत आजी-पणजीचे लग्न धवळारणीने लावले, त्या घरांनी पुढच्या कार्यात तिला बोलवावे. मुहूर्त ठरवतानाच तिच्या विधींचा वेळ राखून ठेवावा. पत्रिकेत तिचे नाव छापावे. भटजींना जी दक्षिणा, तीच तिला द्यावी, आणि ती वधूवरांच्या हातून, वाकून नमस्कार करून द्यावी. ज्या संस्था सामूहिक विवाह घडवतात त्यांनी व्यासपीठावर पहिला पाट तिचा मांडावा. ज्या संस्थांची कन्या वसतिगृहे या पट्ट्यात आहेत त्यांनी सुट्टीत मुलींना तिच्याकडे बसवावे. दोन उन्हाळ्यांत एका मुलीला एक विधी जरी पूर्ण आला, तरी लोइशङची पहिली वीट बसली असे समजावे. आणि ज्या पुरोहितांना आश्वलायन व आपस्तंब मान्य आहेत त्यांनी मांडवात आल्यावर प्रथम विचारावे, 'धवळारीण कुठे आहे?'

आज या पट्ट्यात गाणाऱ्या बहुतेक धवळारणी वयोवृद्ध आहेत. त्यांच्यामागे कोणतीही पोथी उरणार नाही, कारण ती कधी लिहिलीच गेली नाही. मणिपुरात पोथी जाळायला निदान राजाज्ञा लागली होती. येथे तेवढीही गरज पडणार नाही. पुढच्या लग्नसराईत तिला बोलावणे गेले नाही, एवढे पुरेल.